पाळत आणि विचारपूस : ‘गाभ्रीचा पाऊस’ पुन्हा पाहताना

मंडळी, आज एका चित्रपटाबद्दल बोलायचं आहे. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’, 2009 सालचा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. विदर्भातलं कापूस पिकवणारं कर्जबाजारी घर. शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो आणि अलकाच्या मनात धास्ती बसते, की आपला किस्ना गप्प गप्प आहे, तोही असं काही करेल का? मग सुरू होते पाळत. बायको, म्हातारी आई, लहान मुलगा, सगळे त्याच्यावर डोळा ठेवून. गोडधोड करून खायला घालायचं, एकटं सोडायचं नाही.

थिएटरात या प्रसंगांना लोक हसतात. मीही हसलो होतो. पण दिग्दर्शकाला जे कळलंय ते आपल्या बातम्यांना अजून कळलेलं नाही. बातमी मृत्यूनंतर सुरू होते. हा चित्रपट त्याच्या आधीच्या दिवसांत उभा राहतो, आणि प्रतिबंध जो काही व्हायचा तो याच दिवसांत होतो. अलका बदल टिपते, माणसाला एकटं पडू देत नाही. कुठलंही शिक्षण न घेता ती यातलं अर्धं काम बरोबर करते.

उरलेल्या अर्ध्याचं काय? पाळत आहे, विचारपूस नाही. ‘तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?’ हा प्रश्न त्या घरात उच्चारलाच जात नाही. आपल्याला वाटतं, विचारलं तर डोक्यात नसलेलं भरवू. तसं होत नाही. आजवरचा अभ्यास सांगतो की थेट, शांतपणे विचारल्याने धोका वाढत नाही. उलट बोलायला वाट मिळते. न विचारता नुसती नजर ठेवली, तर माणूस संशयाखाली राहतो आणि घरचे भीतीखाली. चित्रपटातला विनोद याच न बोललेल्या वाक्यातून येतो, आणि त्याची शोकांतिकाही तिथेच आहे असं मला वाटतं.

माझी दुसरी तक्रार जरा कडक आहे. किस्नाकडे सगळे बघतात. अलकाकडे कोण बघतं? 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद झाली. त्यात शेतकरी आणि शेतमजूर मिळून 11,290. गृहिणी 25 हजारांहून जास्त, विद्यार्थी 13 हजारांच्या वर. शेतकऱ्याचं दुःख यामुळे लहान ठरत नाही. पण मराठीत ‘आत्महत्या’ म्हटलं की फक्त बांधावरचा पुरुष दिसतो, आणि चुलीपाशी धास्तावलेली बाई ही त्याची राखणदार एवढीच उरते. चित्रपटाने तिला मोठी भूमिका दिली, पण तिच्या मनाची चौकशी त्यानेही केली नाही.

तिसरी गोष्ट. एकट्या घराने हे पेलणारं नाही. श्रीलंकेने सर्वाधिक घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. 1995 नंतरच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्येचा दर सुमारे 70 टक्क्यांनी खाली आला. टोकाची घडी बहुतेकदा थोडा वेळ टिकते. त्या वेळात जीवघेणी वस्तू हाताशी नसेल तर माणूस वाचू शकतो. हे काम सरकारचं, कृषी खात्याचं. आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने एवढं मान्य केलं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं. त्याला शिक्षेची नाही, उपचाराची गरज आहे.

तर चित्रपट जरूर पुन्हा बघा, आणि बघताना अलकाच्या जागी स्वतःला ठेवा. समोरचा अचानक गप्प झाला, ‘माझं ओझं झालंय’ म्हणू लागला, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागला, तर नुसती पाळत ठेवू नका. शेजारी बसा आणि विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर घाबरू नका, उपदेश करू नका, ‘मुलांचा विचार कर’ म्हणून गप्प बसवू नका. ऐकून घ्या, घातक वस्तू दूर करा, त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे सोबत जा. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आज ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या स्वतःच्याच मनात असं काही चालू असेल, तर तो नंबर तुमच्यासाठीही आहे. व्याख्यान संपायची वाट बघू नका.