शिकारीपलीकडचा अर्धमानव

अर्धा मनुष्य आणि अर्धे श्वापद ही कल्पना जगातील अनेक समाजांनी जोपासलेली आहे. आज आपल्या घरांतील मुलांना ती प्रामुख्याने चित्रपटांतून आणि संगणकीय खेळांतून भेटते. उत्तर युरोपातील जुन्या कथांच्या धर्तीवर रचलेल्या अरण्यांत असे जीव रात्री शिकारीला निघतात. फाडणे आणि अखेर फाडले जाणे, एवढेच त्यांचे जीवित. पालक मंडळी अशा कथांना सरसकट नाक मुरडतात. परंतु त्यांतही डावे-उजवे करता येते. शिकार संपल्यावर, किंवा शिकार टाळता येत असताना, हा जीव कसा वागतो, यावरून लेखकाची पात्रता ओळखावी असे मला वाटते.

या दृष्टीने जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’ (१९३७) या कादंबरीतील बेऑर्न पाहण्यासारखा आहे. टॉल्किन हे ऑक्सफर्डमधील प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक आणि श्रद्धावान कॅथलिक. १९०४ मध्ये आई वारल्यावर त्यांचा सांभाळ बर्मिंगहॅमच्या फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी केला. ‘बेओवुल्फ’ या प्राचीन काव्यातील राक्षस म्हणजे बाजूला सारण्याजोगी बालिश भर नसून ते काव्याच्या गाभ्याशीच आहेत, असे त्यांनी १९३६ च्या प्रसिद्ध व्याख्यानात मांडले. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत त्यांचा स्वतःचा अर्धमानव अवतरला.

बेऑर्न दिवसा धिप्पाड माणूस असतो, तर रात्री प्रचंड अस्वल होऊन रानात हिंडतो. सूर्य उगवेपर्यंत घराबाहेर पडू नका, अशी ताकीद पाहुण्यांना मिळते. मात्र हा अस्वलमानव पोटासाठी शिकार करीत नाही. त्याचे अन्न मध, साय आणि भाकरी. त्याच्या घरी कुत्री आणि मेंढ्या पंगतीला वाढतात. ज्याच्या पंजात एवढे बळ आहे, त्याच्या ताटात मांस नाही. ही एकच योजना पात्राला उंचीवर नेते.

तरीही टॉल्किन यांनी त्याला संत केलेले नाही. पाहुण्यांची हकीकत खरी की खोटी, हे पडताळण्यासाठी बेऑर्न एक गॉब्लिन आणि एक लांडगा पकडतो. खरे काय ते कळल्यावर दोघांनाही ठार करून एकाचे मुंडके फाटकाबाहेर रोवतो आणि दुसऱ्याचे कातडे झाडाला ठोकतो. हा प्रसंग लेखक फारच सहज ओलांडून जातो. बंदिवानांचा वध वाचकाला क्षणभर तरी खुपायला हवा होता. हे कादंबरीचे उणेपण मानावे लागेल. मात्र शेवटच्या लढाईत हेच अस्वल आधी जखमी थोरिनला अलगद उचलून रणाबाहेर नेते आणि मगच शत्रूच्या नायकावर तुटून पडते. एकाच पंजाची ही दोन कामे आणि त्यांचा हा क्रम, यांत पात्राचे मनुष्यपण उमटते.

या पात्रामागे आइसलँडमधील राजा ह्रोल्फच्या जुन्या कथेतला वीर ब्यार्की आहे. तो राजवाड्यात निश्चल बसून राहतो आणि रणांगणावर राजाच्या बाजूने एक अस्वल लढते. त्याला हलवून उठवताच अस्वल नाहीसे होते. उग्रता आणि स्थिरता येथे एकाच व्यक्तीची दोन अंगे आहेत.

अशी बैठी उग्रता पाहण्यास आपल्याला आइसलँडला जाण्याची गरज नाही. मौद्याच्या उत्तरेस रामटेकच्या टेकडीवर इसवी सनाच्या पाचव्या शतकातील केवल नृसिंहाचे मंदिर आहे. नृसिंह म्हटल्यावर हिरण्यकशिपूचा वध आठवतो. वेरूळच्या १५ क्रमांकाच्या लेण्यात तो संघर्ष आवेशाने कोरलेला आहे. रामटेकच्या मूर्तीत शत्रू नाही. हातात चक्र घेतलेला सिंहमुखी पुरुष एकटाच बसला आहे, म्हणून तो ‘केवल’. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या स्मरणार्थ तिच्या कन्येने हे मंदिर उभारले, असे तेथील शिलालेखाच्या आधारे अभ्यासक मानतात. पतीच्या मृत्यूनंतर, पुत्र लहान असताना, या राणीने राज्य सांभाळले होते. अशा मातेच्या स्मारकात फाडणारा सिंह न बसवता राखण करणारा सिंह बसवावा, हे मला अर्थपूर्ण वाटते. शेजारच्या मंदिरातील तशाच बैठ्या मूर्तीला लोक ‘रुद्र’ नृसिंह म्हणतात. मूर्ती शांत असली तरी तिच्यातील उग्रतेचा लोकांना विसर पडलेला नाही.

आपल्या श्रद्धेहून रामटेकची श्रद्धा वेगळी आहे आणि कादंबरीतील पात्र म्हणजे देवमूर्ती नव्हे, याचे भान ठेवूनच ही तुलना केली आहे. दोन्ही कलावंतांना पंजाची ताकद ठाऊक आहे. त्यांनी त्या ताकदीला बसायला शिकवले. पडद्यावरच्या पुष्कळ कथांत हेच राहून जाते. तेथे नखे वाढवली जातात, मन वाढवले जात नाही. मुलांच्या हातून असा खेळ किंवा पुस्तक हिसकावून घेण्यापूर्वी त्यांना एवढेच विचारून पाहावे: हा जीव भूक नसताना काय करतो? कोणी जखमी दिसला तर त्याच्यापाशी थांबतो का? उत्तर देता येत नसेल, तर ती कथा किती तोकडी आहे हे मुलांना आपोआप उमगेल.