‘काळजी करू नका’ : एका वचनाचं कापलेलं पत्र

‘यूव्हर्जन’ हे बायबल वाचण्याचं अॅप 2008 साली आलं. 2024मध्ये जगभर सर्वाधिक लोकप्रिय ठरलेलं वचन म्हणून या अॅपने फिलिप्पैकरांस पत्रातल्या चौथ्या अध्यायातलं सहावं वचन जाहीर केलं. त्याचा आशय साधारण असा : कशाचीही चिंता करू नका, जे काही हवं असेल ते आभार मानत देवापुढे मांडा. पहाटे तीनला जाग येणाऱ्या, निकालाची किंवा पगाराची वाट पाहणाऱ्या, छातीत धडधड घेऊन फोन उघडणाऱ्या कितीतरी माणसांनी हे वचन शोधलं असणार, जपलं असणार, दुसऱ्याला पाठवलं असणार.

अशा वचनाने दिलासा मिळतो, हे नाकारण्याचं कारण नाही. पण ते आपल्यापर्यंत पोचतं कसं, हे पाहायला हवं. सूर्योदयाचा फोटो, त्यावर दोन ओळी, खाली संदर्भ. सकाळी फॅमिली ग्रुपवर येतं, हात जोडलेल्या इमोजींमध्ये बुडून जातं. या कार्डावर कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, कोणत्या अवस्थेत बोलतंय, यातलं काहीच नसतं. उरतो तो फक्त आदेश : चिंता करू नका.

आणि आदेश म्हटला की तो मोडणारा दोषी ठरतो. एखादी मुलगी सांगते की मला रात्र-रात्र झोप लागत नाही, आणि मंडळीतलं कुणीतरी वडीलधारं माणूस प्रेमानेच म्हणतं, ‘तुझा विश्वास कमी पडतोय.’ आता तिच्याकडे दोन ओझी झाली. आधी फक्त चिंता होती, आता चिंता वाटते याची लाजही आहे. दिलासा देणारं वचन असं उलटं फिरतं ते त्याला त्याच्या पत्रातून कापून काढल्यामुळे. म्हणून ते पत्रच वाचायला हवं.

फिलिप्पैकरांस पत्र चार अध्यायांचं आहे. शांतपणे वाचलं तरी पंधरा-वीस मिनिटांत संपतं. लिहिणारा पौल तेव्हा कैदेत आहे आणि पुढे काय होईल, हे त्याला ठाऊक नाही. पहिल्याच अध्यायात तो जगावं की मरावं, यातलं काय निवडावं, अशा पेचात सापडलेला दिसतो. दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीत नावाचा माणूस येतो. फिलिप्पैच्या मंडळीने त्याला मदत देऊन पौलाकडे पाठवलं होतं. तो तिथे मरणाच्या दारात जाण्याइतका आजारी पडला. आपल्या आजाराची बातमी घरच्या मंडळीला कळली, म्हणून तो कासावीस झाला आहे. पौल त्याला परत पाठवतो आणि कारण सांगतो : त्याला पाहून तुम्हाला आनंद होईल आणि माझंही दुःख थोडं हलकं होईल.

एपफ्रदीताच्या या कासाविशीसाठी पौलाने वापरलेलं ग्रीक क्रियापद नव्या करारात एकूण तीनदाच येतं. उरलेल्या दोन्ही जागा गेथशेमाने बागेतल्या आहेत. मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांत अटकेच्याच रात्री, अटकेच्या थोडं आधी येशूची जी अवस्था होते, तिच्यासाठी तो शब्द आहे. विश्वास कमी पडल्याचं लक्षण म्हणून तो शब्द वापरायचा, तर आधी त्या बागेतल्या माणसाला काय म्हणायचं, हे ठरवावं लागेल.

चौथ्या अध्यायात पौल युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांना एकमेकींशी जुळवून घ्यायला सांगतो आणि एका सोबत्याला त्यांना मदत करण्याची विनंती करतो. हे प्रकरण आटोपल्यावर तीनच वचनांनी ‘चिंता करू नका’ येतं. पुढे देवाची शांती तुमची मनं राखेल असं तो म्हणतो, तिथे वापरलेला शब्द सैनिकी पहाऱ्याचा आहे. स्वतः पहाऱ्यात असलेला माणूस निवृत्त सैनिकांची वसाहत असलेल्या गावाला हे लिहितो आहे. पत्र संपताना तो त्यांनी पाठवलेल्या मदतीची पोच देतो आणि म्हणतो, माझ्या अडचणीत तुम्ही वाटेकरी झालात, हे चांगलं केलंत.

म्हणजे त्या प्रसिद्ध वचनाच्या एका बाजूला भांडण मिटवण्याची खटपट आहे, दुसऱ्या बाजूला पैशाची पोच आणि मधून ये-जा करणारा, नुकताच आजारातून उठलेला माणूस. कार्डावरून नेमकं हेच गेलं. वचन राहिलं, वाटेकरी गेले.

अजून एक बारकावा. चौथ्या अध्यायात चिंता न करण्याबद्दल जे ग्रीक क्रियापद आहे, तेच दुसऱ्या अध्यायात तीमथ्याचं कौतुक करताना येतं. तुमच्याबद्दल मनापासून हे करणारा त्याच्यासारखा दुसरा माझ्याकडे कुणी नाही, असं पौल म्हणतो. एका जागी निषिद्ध, दुसऱ्या जागी गुण. अनुवादात एकीकडे ‘चिंता’ आणि दुसरीकडे ‘काळजी’ आली की हे नातं नजरेआड होतं. पण मराठी वाचकाला ते समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे ‘काळजी करू नकोस’ आणि ‘काळजी घे’ ही दोन्ही वाक्यं एकाच निरोपात, एकाच दमात म्हटली जातात. शब्द एकच, क्रियापद बदलतं. काळजी करणारा माणूस एकटा असू शकतो. काळजी घ्यायला मात्र दुसरं कुणीतरी लागतं, निदान स्वतःकडे दुसऱ्यासारखं पाहावं तरी लागतं. माझ्या वाचनात हे पत्र काळजी पुसून टाकत नाही; ते तिला करण्याकडून घेण्याकडे वळवतं. खुद्द पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात फटके आणि तीन जहाजफुटी मोजून झाल्यावर, रोज उरावर असलेली सगळ्या मंडळ्यांची चिंताही मोजतो. तिथे तो त्याच शब्दाचं नाम वापरतो.

मग रोजच्या वाचनाने काय होतं? वचन आपण निवडतो, तेव्हा आपल्याला हवं तेच वाचतो. क्रमाने वाचलं की नको तेही वाट्याला येतं. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत. संत बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणे मठात ती आठवड्याभरात म्हटली जात. अँग्लिकन परंपरेत ती सकाळ-संध्याकाळ वाटून महिन्यात पूर्ण होतात. अशा क्रमात तेरावं स्तोत्र येतं, जे पहिल्या दोन वचनांतच चारदा देवाला जाब विचारतं की हे अजून किती काळ चालणार. अठ्ठ्याऐंशीवं येतं, जे अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा न ठेवता. हे स्तोत्र सूर्योदयाच्या फोटोवर बसणार नाही. पण शतकानुशतकं माणसं ते प्रार्थना म्हणून म्हणत आली आहेत. ज्याला आज बरं वाटत नाही, त्याला इथे कळतं की बरं न वाटणं हेही प्रार्थनेत बसतं. मला यात त्या कार्डापेक्षा मोठा दिलासा दिसतो.

मराठी वाचकाला हा सूर परका नाही. देवाशी भांडणारा भक्त आपण तुकोबांत पाहिला आहे. 1895मध्ये ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं सांगत. त्या पुलावर तक्रारीलाही वाट होती.

रोजच्या वाचनाचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण मात्र पंडिता रमाबाईंचं. दुष्काळात आई-वडील गेले, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला. 1883मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या बाईने पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणण्याचं काम हाती घेतलं. साध्या बायकांना कळेल असं मराठी त्यांना हवं होतं. 1921मध्ये मुलगी मनोरमा गेली, 1922मध्ये त्या स्वतः गेल्या, आणि 1924मध्ये तो अनुवाद प्रकाशित झाला. ओळीमागून ओळ, आवडती असो वा नावडती, अनुवाद करणाऱ्याला काहीच गाळता येत नाही. आणि हे वाचन चाललं होतं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, शेकडो निराधार बायका-मुलींच्या जेवणाखाण्याची सोय बघता बघता. काळजी घेण्याचं आणि वचन वाचण्याचं काम एकाच घरात होतं.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. सततची धडधड, झोप उडणं, घाबरण्याचे झटके हा आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर, समुपदेशन, गरज पडल्यास औषध लागतं. आजारी एपफ्रदीताला पौलाने वचन पाठ करायला सांगितल्याचं पत्रात कुठे नाही. त्याला घरी पाठवलं आणि आनंदाने जवळ घ्या, असं मंडळीला लिहिलं. दुसरी मर्यादा रोजच्या वाचनाचीच आहे. अॅप सलग दिवसांची स्ट्रीक मोजतं आणि ती तुटली की वाचनाचीच चिंता सुरू होते. चुकलेला दिवस चुकला. दुसऱ्या दिवशी पुढचं पान असतंच.

तेव्हा श्रद्धा असो वा नसो, पुढच्या वेळी हे वचन ग्रुपवर आलं तर खालचा संदर्भ बघा, आणि पत्र पहिल्या ओळीपासून वाचा. पंधरा-वीस मिनिटं लागतील. आणि ते कुणाला पाठवावंसं वाटलं, तर आधी फोन करून विचारा, जेवलास का, झोप लागते का. पौलाच्या पत्राबरोबरही माणूस गेला होता.