महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष : विलीनीकरण आणि कुळांचा प्रश्न – एक चिकित्सा

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. पुढे दमण व दीव बेटासह तो केंद्रशासित प्रदेश बनला. १९६३ च्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत दोन प्रादेशिक पक्ष समोरासमोर आले. दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला (मगो) महाराष्ट्रात विलीनीकरण हवे होते, तर डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला गोव्याचे स्वतंत्र अस्तित्व. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाचा पक्ष ३४,०२१ मतांनी हरला. लगेच झालेल्या निवडणुकीत मात्र मगोच सत्तेवर आला.

या विसंगतीचा उलगडा भावनेच्या आधारे करण्याची आपल्याकडील प्रवृत्ती प्रस्तुत लेखकास मान्य नाही. मतदारांचे मन दोन महिन्यांत बदलले, असेही म्हणता येत नाही. कौलात एकूण मतांची बेरीज चालते, विधानसभेत मतदारसंघनिहाय जागांची. खरा प्रश्न असा की, मूळ ध्येय हरल्यावरही मगोचा मतदार मगोपाशी का राहिला?

याचे उत्तर भाषेइतकेच जमिनीत शोधावे लागते. मुंबई राज्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कुळांना जमिनीचे मालक मानण्यात आले होते. शिरूर-दौंड परिसरात सातबाऱ्यावरील कुळाच्या नोंदीचे मोल निराळे सांगावे लागत नाही. भाटकाराच्या जमिनीत राबणाऱ्या गोव्यातील बहुजन कुळाच्या दृष्टीने ‘महाराष्ट्र’ या शब्दात हा कायदाही अंतर्भूत होता, अशी मांडणी येथे करावीशी वाटते. मगोच्या राजवटीत १९६४ चा कुळकायदा आला. शशिकला काकोडकर यांच्या कारकिर्दीत त्यात दुरुस्ती होऊन २० एप्रिल १९७६ पासून कुळे मालक मानली गेली. म्हणजे विलीनीकरणातून जे अपेक्षित होते, त्यातील एक मोठा भाग स्वतंत्र राहिलेल्या गोव्याच्याच विधानसभेने दिला! युनायटेड गोवन्सचे ध्येय सफल झाले, पण सत्ता त्यास कधीच लाभली नाही.

तथापि, मगोला निव्वळ बहुजनांचा पक्ष म्हणून गौरविणारे लेखन एका ठिकाणी अडखळते. बांदोडकर स्वतः खाणमालक होते. शेतजमिनीच्या मालकीला हात घालणाऱ्या या पक्षाच्या सोळा वर्षांच्या राजवटीत खाणींची मालकी मात्र जागची हलली नाही. पोर्तुगीजकालीन खाण-सवलती रद्द करून त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर करणारा कायदा १९८७ मध्ये संसदेने केला. तोवर मगोची सत्ता जाऊन आठ वर्षे झाली होती.