नमुना ८ : घराचं वर्णन

ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणी नोंदवही, मुद्दाम वाचायला कुणी घेत नाही. लोक त्याचा उतारा काढतात आणि कर्जाच्या फायलीला लावतात. मला मात्र हा मजकूर सावकाश वाचावासा वाटतो. घर म्हणजे काय, हे इतक्या थोड्या जागेत क्वचितच कुठे सांगितलेलं असतं.

मालकाचं नाव एका रकान्यात, भोगवटादाराचं वेगळ्या. घर कुणाचं आणि त्यात राहतं कोण, हे दोन निराळे प्रश्न आहेत याची जाण त्या एका उभ्या रेघेत आहे. पुढे बांधकामाचा प्रकार येतो : झोपडी किंवा मातीचं घर, दगडविटांचं पण मातीत बांधलेलं, चुना-सिमेंटातलं पक्कं, आणि आरसीसी. ग्रामपंचायतींच्या १९६०च्या कर व फी नियमांत ३१ डिसेंबर २०१५ रोजी दुरुस्ती झाली आणि कर आकारणीसाठी भांडवली मूल्याचं सूत्र आलं. जमिनीचं मूल्य अधिक बांधकामाचं मूल्य, आणि या बेरजेला वापराचा भारांक. राहत्या घराला १, दुकानाला १.२५. बांधकामाच्या मूल्यात घसारा असतो, तो वयाबरोबर प्रकारही पाहतो. मातीच्या घराचं म्हातारपण आणि आरसीसीचं म्हातारपण एका मापाने मोजलेलं नाही, हे मला फार आवडतं.

आता वणी गावच्या पेठेतलं एखादं घर डोळ्यांपुढे आणा. रस्त्याच्या अंगाला आरसीसी गाळा, त्याला शटर. गाळ्यावर राहती खोली. मागे मातीच्या भिंती, लाकडी खांब, वर पत्रे. प्रकार कोणता लिहायचा? वय कुणाचं, पुढच्या गाळ्याचं की मागच्या ओटीचं? हाताने नोंदवही भरणारा माणूस घर पाहून वाट काढतो. संगणकाला ती सोय नाही.

आकारिक पद्धतींचा उपयोग नेमका इथे होतो. प्रोग्राम लिहिण्याआधी घराची व्याख्या गणिताच्या भाषेत मांडायची आणि काय कायम खरं राहिलं पाहिजे ते ठरवायचं. एमआयटीत डॅनियल जॅक्सन यांनी घडवलेली अ‍ॅलॉय ही भाषा त्यासाठीच आहे. मांडलेल्या नियमांना दोन-तीन खोल्यांची सगळी शक्य घरं लावून ती पाहते आणि नियम मोडणारं घर सापडलं की समोर ठेवते. वणीच्या त्या घरासाठी मी ‘भाग’ ही वस्तू मांडेन. प्रत्येक भागाला एकच प्रकार, एकच वय, एकच वापर. भाग एकमेकांत शिरत नाहीत आणि त्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज म्हणजे घराचं बांधीव क्षेत्र.

इथवर सगळं सुरळीत. मग सूत्र प्रत्येक भागाला लावून बेरीज केली की अडचण दिसते. खालचा गाळा आणि वरची खोली एकाच जमिनीवर उभी आहेत. दोघांच्या हिशोबात ती जमीन पूर्ण धरली, तर मालक एकाच जागेचा कर दोनदा भरतो. म्हणून आणखी एक अट लागते : सर्व भागांच्या वाट्याला आलेली जमीन मिळून त्या मिळकतीच्या जमिनीएवढीच भरली पाहिजे. भारांक बेरजेच्या कंसाबाहेर असल्यामुळे गाळ्याच्या वाट्याची जमीन १.२५ने गुणली जाईल, वरच्या खोलीची १ने. तो वाटा क्षेत्रफळाच्या प्रमाणात घ्यायचा की मजल्यांत समान, हे कोड लिहिणाऱ्याने परस्पर ठरवू नये. ते नियमातच लिहिलेलं असावं, म्हणजे वणीच्या घरमालकाला आपला आकडा बोट ठेवून तपासता येईल.