‘फिनेगन्स वेक’ : कोडे की काव्य?

शब्दकोड्यातील शेवटचे घर भरले की कोडे संपते. ते पुन्हा सोडवावेसे कोणाला वाटत नाही. जेम्स जॉइस या आयरिश लेखकाच्या ‘फिनेगन्स वेक’ या कादंबरीला पुष्कळांनी असेच कोडे ठरवले आहे. जवळजवळ १७ वर्षे खपून लिहिलेले हे पुस्तक १९३९ साली प्रसिद्ध झाले. भाषा म्हणायला इंग्रजी. परंतु एकेका शब्दात अनेक भाषांचे तुकडे सांधलेले. तेव्हा कोश घेऊन बसावे आणि एकेक कुलूप उघडीत जावे, एवढाच का याच्या वाचनाचा मार्ग?

नावापासूनच पाहू. टिम फिनेगन हा गवंड्याच्या हाताखालचा मजूर शिडीवरून पडून मरतो. प्रेताभोवती जमलेल्यांच्या मारामारीत त्याच्यावर व्हिस्की सांडते आणि गडी उठून बसतो, असे एक विनोदी आयरिश गाणे आहे. ‘वेक’ म्हणजे प्रेताजवळचे जागरण, तसेच जागे होणेही. गाण्याच्या नावातील षष्ठीचे चिन्ह जॉइसने गाळले मात्र, आणि एकाचे जागरण अनेक फिनेगनांचे उठणे झाले! ही नुसती कसरत नव्हे. पडणे आणि पुन्हा उठणे हाच ग्रंथाचा विषय. म्हणून तर शेवटचे अर्धे वाक्य पहिल्या पानावर येऊन पूर्ण होते.

परंतु प्रत्येक श्लेष असा फळत नाही. वामनपंडितांना ‘यमक्या वामन’ हे नाव पडले, त्यात कौतुकाबरोबर थोडा कंटाळाही होताच. डब्लिनच्या लिफी नदीवरील प्रकरणात जॉइसने शेकडो नद्यांची नावे पेरली आहेत. त्यांतील कित्येक ओळखली तरी यादी तेवढी वाढते, रस वाढत नाही.

आणि तरीही ते प्रकरण थोर आहे. दोन धोबिणी दोन काठांवरून गप्पा मारीत आहेत. अंधार पडतो, पाण्याचा आवाज वाढतो, एकीचे बोलणे दुसरीला ऐकू येईनासे होते. अखेर एकीचे झाड होते, दुसरीचा दगड. ही व्याकुळता जाणवायला एकही नदी ओळखावी लागत नाही.

या प्रकरणाचा शेवट जॉइसने १९२९ साली स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केला. रसिकांनी आधी तो ऐकावा, मग पान मोठ्याने वाचावे आणि कान जिथे अडेल तिथेच कोश उघडावा. संदर्भ शोधायचे ते अर्थ गहिरा व्हावा म्हणून. विद्वत्तेची मोजदाद करण्यासाठी नव्हे.