ओंडक्याचे रूप

आपल्या ओळखीच्या बहुतेक वाद्यांना त्यांचा आकार नादाने दिलेला असतो. तंबोऱ्याचा भोपळा मोठा आणि पोकळ असतो, कारण त्या पोकळीवाचून तारेचा झंकार चार हातांपलीकडे पोहोचणार नाही. मिरजेचे कारागीर पंढरपूरकडचे भोपळे पारखून घेतात, ते काही त्यांच्या गोंडस रूपावर भाळून नव्हे. सारंगीची कंबर आत गेलेली असते, कारण गजाला फिरायला जागा हवी. अशा वाद्यांच्या सौंदर्याविषयी लिहिताना टीकाकाराची मोठी सोय होते. जे सुंदर दिसते ते आवश्यकही आहे, एवढे म्हटले की तो मोकळा होतो.

रॉक संगीतातल्या विजेच्या गिटारीपाशी ही सोय संपते. तिच्या तारांखाली लोहचुंबक असतो, चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात, आणि वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज थरथरते. मोठा आवाज काढण्याचे काम दूर ठेवलेली पेटी करते. खाली जो लाकडाचा भरीव तुकडा आहे, त्याने तारा ताणून धरल्या की त्याचे काम संपले. लाकूड कोणते यावर वादक मंडळी रात्र-रात्र वाद घालतात, त्यांना घालू द्या. पण त्या लाकडाची बाह्यरेषा गोल, चौकोनी की चांदणीसारखी असावी हे नाद सांगत नाही. मग कोण सांगतो? मला या वाद्यात गोडी वाटते ती या प्रश्नामुळे. संगीतातले माझे प्रेम वेगळीकडे जडलेले आहे, हे वाचकांना आधीच सांगून ठेवतो.

या प्रश्नाचे पहिले उत्तर श्रोत्यांनी दिले, आणि ते मोठे गमतीचे आहे. लेस पॉल नावाच्या अमेरिकन वादकाने १९४०-४१ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या एपिफोनच्या कारखान्यात चार इंच जाडीरुंदीच्या चौरस ओंडक्यावर तारा चढवल्या. वाद्य उत्तम वाजत होते. परंतु, त्यानेच पुढे सांगितल्याप्रमाणे, लोकांना ते रुचेना. तेव्हा त्याने एक साधी गिटार मधोमध कापून तिची दोन शकले ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना डकवली. नादात काडीचा फरक नव्हता, पण आता श्रोते खूष झाले! माणूस कानाने ऐकतो ही आपली समजूत किती भाबडी आहे पाहा.

लिओ फेंडरला मात्र असल्या शकलांची गरज वाटली नाही. हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओदुरुस्ती करणारा गृहस्थ. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० साली त्याने जी गिटार बाजारात आणली, आणि जिला पुढच्याच वर्षी टेलिकास्टर हे नाव मिळाले, ती म्हणजे जेवायला बसायचा पाट घ्यावा, त्याला कंबर काढावी आणि चार स्क्रूंनी एक दांडा जोडावा, असा प्रकार आहे. खालच्या बाजूला एक खाच, तीही वादकाची बोटे वरच्या पडद्यांपर्यंत पोहोचावीत म्हणून. बाकी नटणे नाही, मुरडणे नाही. मला ही गिटार फार आवडते. आपल्या जुन्या घरांतले पोळपाट आणि पाटे-वरवंटे ज्या कारणाने डोळ्यांना गोड वाटतात, त्याच कारणाने हीही वाटते.

पण पाटाच्या कडा बोचतात. वादकांच्या बरगड्यांना आणि हाताला त्या बोचू लागल्या, आणि बिल कार्सनसारख्यांनी तशी कुरकूर केली. त्यातून १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली. तिची रेषा फ्रेडी टॅव्हारिसने काढली. हा जन्माने हवाई बेटांवरचा आणि स्वतः वादक. तिच्या पाठीचे लाकूड पोट टेकते तिथे तासून काढलेले आहे, आणि पुढची वरची कड हात टेकतो तिथे उतरती केलेली आहे. वर दोन शिंगे आहेत, त्यांतले वरचे लांब. ते का लांब? गळ्यातला पट्टा त्याच्या टोकाला अडकवायचा असतो, आणि ते टोक जितके पुढे, तितका तो लांब दांडा जमिनीकडे झुकत नाही. म्हणजे नादाने जी जागा रिकामी सोडली, ती इथे माणसाच्या देहाने भरून काढली. या गिटारीची एकेक वळणे म्हणजे कोणाच्या तरी पोटाचा, दंडाचा, खांद्याचा ठसा आहे. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे प्रकार सांगितले. समतोल म्हणजे दोन्ही बाजू सारख्या असणे नव्हे, हे ज्याला पटत नसेल त्याने ही दोन असमान शिंगे एकदा नीट पाहावीत.

इथे कोणी म्हणेल, तुमचा हा देहाचा सिद्धांत जिमी हेंड्रिक्सपुढे टिकतो का? प्रश्न रास्त आहे. हेंड्रिक्स डावखुरा होता, आणि उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी करून तो वाजवीत असे. १९६९ च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकला त्याच्या हातात असलेल्या त्या पांढऱ्या गिटारीत सगळेच उलटे आहे. लांब शिंग खाली आले आहे आणि पट्टा आखूड शिंगाला आहे. हातासाठी केलेला उतार हाताला लागतच नाही. उपयोगाची कारणे अशी गळून पडली, तरी रूप उणावत नाही. उलट अधिकच धीट होते. माझे म्हणणे असे की, देहासाठी कोरलेली वस्तू दुसऱ्या देहाने हट्टाने वापरली तरी ती देहासाठी कोरलेली आहे हे लपत नाही. वडिलांचा कोट अंगावर चढवलेला मुलगा पाहिला आहे ना? कोट त्याला होत नाही, पण तो कोणाच्या तरी मापाने शिवलेला आहे हे दिसते, आणि त्या न जुळण्यातच एक गोडवा येतो.

मिशिगन राज्यातल्या कॅलमझूची गिब्सन ही जुनी, घरंदाज कंपनी. लेस पॉलचा ओंडका तिने आधी हसण्यावारी नेला, आणि १९५२ साली त्याच्याच नावाची गिटार काढली. ही गिटार तिचे माहेर विसरलेली नाही. तिचे पोट व्हायोलिनसारखे फुगीर आहे, कडेला पांढरी किनार आहे. आतून ती भरीव, त्या फुगवट्याला नादाच्या दृष्टीने अर्थ नाही. म्हणजे लेस पॉलने डकवलेल्या शकलांचाच हा सुधारलेला अवतार म्हणायचा. तत्त्वाला धरून मी तिला नाके मुरडायला हवीत. पण १९५८ ते १९६० या तीन वर्षांतल्या प्रतींपुढे तत्त्व गप्प बसते. त्या मेपलच्या पृष्ठावर लाल-पिवळी छटा दिली होती. तांबडा रंग कच्चा निघाला आणि उन्हाने विटत गेला. कुठे मधासारखा, कुठे चहासारखा, कुठे पिकल्या लिंबासारखा, अशी एकेक गिटार वेगळी होत गेली. त्या वेळी त्या खपेनात म्हणून कंपनीने ते रूपच बंद केले. आज त्यांतल्या चांगल्या प्रतींना कोट्यवधी रुपये पडतात. १९६१ साली तिच्या जागी पातळ अंगाची, दोन टोकदार शिंगांची गिटार आली. तीवर आपले नाव आहे हे खुद्द लेस पॉललाच आवडले नाही. मला ती शिंगे तितकी वाईट वाटत नाहीत, पण त्याचा त्रागा समजतो.

आता ‘फ्लाइंग व्ही’. १९५८ साली, मोटारींच्या शेपट्यांना पंख फुटले होते त्या काळात, गिब्सनने इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची ही गिटार काढली. मांडीवर घेऊन बसावे तर ती घसरते. देहाचा विचार तिच्यात कुठेच नाही. पहिल्या दोन वर्षांत तिच्या शंभरसुद्धा प्रती गेल्या नाहीत. तरीही ती कुरूप नाही, हे मी ठासून सांगेन, कारण तिच्यात एकच कल्पना आहे आणि ती शेवटपर्यंत पाळली आहे. धिप्पाड अंगाचा, डावखुरा अल्बर्ट किंग ब्लूज वाजवताना ती छातीशी धरी, तेव्हा बाणाचे टोक कुठून निघाले आणि कुठे चालले आहे, याविषयी शंका राहत नसे. बो डिडलीसाठी ग्रेट्श कंपनीने केलेली चौकोनी गिटारही अशीच. डब्यासारखी दिसते, आणि डबा म्हणून प्रामाणिक आहे.

कुरूपता सुरू होते ती कल्पना एकमेकींशी भांडू लागल्या की. १९८० नंतरच्या दशकात टोकांची साथच आली. चार टोके, सहा टोके, वर दात, खाली नखे, आणि प्रत्येक टोक ओरडते, माझ्याकडे पाहा. दिवाळीत आपल्या दारातल्या आकाशकंदिलालाही चारी बाजूंनी टोके असतात. पण ती सगळी आतल्या एका दिव्यातून निघालेली असतात. या गिटारींच्या आत दिवा नाही. दारूगोळ्याच्या दुकानावरच्या पाटीसारखे त्यांचे रूप मला वाटते. रंगाची गोष्ट वेगळी. फेंडरने आपले सुंदर रंग सरळ मोटारींच्या रंगपेटीतून उचलले. तिचा प्रसिद्ध तांबडा फोर्डच्या गाडीचा, आणि एक निळा कॅडिलॅकचा. उसने आणलेले असूनही ते शोभतात, कारण लाकूड झाकायचेच असेल तर निर्लज्जपणे झाकावे.

परंतु खरी कुरूपता मला टोकांत दिसली नाही. ती दिसली माझ्या भाच्याच्या खोलीत. त्याने एक फेंडर आणली होती. रंग ठिकठिकाणी उडालेला, पितळी चकत्या काळवंडलेल्या, कड सिगारेटने भाजलेली. मी आदराने विचारले, “कोणाची रे ही? बरीच वाजवलेली दिसते.” तो हसला. “मामा, कोणाची नाही. कारखान्यातूनच अशी येते. जुनी करून विकतात, आणि नवीपेक्षा महाग!” हा उद्योग १९९५ पासून रीतसर चालू आहे. अनुभवी हात कानशीने आणि रसायनाने नव्या लाकडाला वय देतात.

आयर्लंडच्या रॉरी गॅलाघरने १९६३ मध्ये कॉर्क शहरात घेतलेली स्ट्रॅटोकास्टर याच उद्योगाला नमुना म्हणून लाभली. तिचा रंग त्याच्या घामाने उतरला. ती चोरीला गेली आणि पावसात भिजलेली सापडली. तो वारल्यावर जवळजवळ तीस वर्षांनी, २०२४ साली, लंडनमध्ये तिचा लिलाव झाला. तिच्यावरचा प्रत्येक डाग तीस वर्षांच्या रियाजाची पावती आहे. कारखान्यातल्या प्रतीवर तोच डाग त्याच जागी असतो, आणि कष्ट मात्र कानशीचे असतात. उन्हाने विटलेली ती गिब्सनची छटा आणि ही रंग खरवडलेली गिटार, डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतील. टीकाकाराने डोळ्यांवरच थांबावे असे काहींचे मत आहे. मला ते मान्य नाही. एखाद्याने दुसऱ्याच्या हाताचे घट्टे विकत घेऊन आपल्या तळव्याला चिकटवले, तर त्याला देखणे कसे म्हणावे? भाच्याला मी हे बोललो नाही. त्याने पगारातून पैसे साठवले होते, आणि तो वाजवतोही बरा. त्याचे स्वतःचे डाग तिच्यावर उमटतीलच, पण ते शोधायचे कुठे, हा प्रश्न उरेल.

म्हणून मला सर्वांत देखणी गिटार कोणती वाटते, असे कोणी विचारले तर मी दुकानातल्या एकीचेही नाव घेणार नाही. लंडनच्या उपनगरातल्या ब्रायन मे नावाच्या शाळकरी मुलाला गिटार विकत घेणे परवडत नव्हते. १९६३ साली तो आणि त्याचे वडील घरीच गिटार करायला बसले. हाच मुलगा पुढे क्वीन या वाद्यवृंदात वाजवू लागला. त्या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा. गिटारीचा दांडा त्यांनी एका जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून कोरला. त्या लाकडाला कीड लागलेली होती. भोके आगकाडीचे तुकडे ठोकून बुजवली. धडासाठी जुन्या टेबलाचे ओकचे लाकूड घेतले. तारांचा ताण सांभाळायला मोटारसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा बसवल्या, आणि स्वर हलवायच्या दांड्याच्या टोकाला विणायच्या सुईचे टोक लावले. रेषा म्हणाल तर ओबडधोबडच आहे, खांदे जरा बुजलेले. टॅव्हारिसच्या हातची सफाई तिला नाही. दोन वर्षे बापलेक तिच्यावर राबले. जून २००२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून ब्रायन मेने तीच वाजवली. पडद्यांमधल्या खुणांसाठी शिंपल्याचे पांढरे ठिपके लागतात. ते म्हणजे त्याच्या आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणे आहेत.