आठवण वाटता येत नाही

क्रिकेटमध्ये षटकाराचा चेंडू प्रेक्षक परत फेकतात. अमेरिकी बेसबॉलमध्ये तो झेलणाऱ्याचाच होतो. मायकेल रॅनोविक्स यांचा ‘अप फॉर ग्रॅब्स’ (२००४) हा माहितीपट या प्रथेतून उद्भवलेल्या भांडणाकडे गमतीने पाहतो. ती गंमतच मला खटकते.

७ ऑक्टोबर २००१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत बॅरी बॉन्ड्सने हंगामातला ७३ वा, विक्रमी होमरन मारला. चेंडू एका प्रेक्षकाच्या ग्लव्हमध्ये आला, त्याच्यावर गर्दी कोसळली आणि चेंडू निघाला दुसऱ्याच्याच हातात. प्रकरण कोर्टात गेलं. दोघांचाही हक्क सारखाच, तेव्हा चेंडू विका आणि पैसे निम्मे-निम्मे घ्या, असा निकाल २००२ मध्ये लागला.

पडद्यावर या दोघांचा हट्ट हास्यास्पद दिसतो. पण १९९९ मध्ये मार्क मॅग्वायरच्या ७० व्या होमरनचा चेंडू सुमारे ३० लाख डॉलरला विकला गेला होता. त्या आकड्यानंतर ‘आठवण म्हणून ठेवतो’ असं म्हणणं ही पैसेवाल्यांची चैन झाली. मॅग्वायरचा चेंडू घेणाऱ्या कॉमिक्सकार टॉड मॅक्फार्लेननेच २००३ मध्ये बॉन्ड्सचाही साडेचार लाखांना घेतला. म्हणजे चेंडू जपायचं सुख शेवटी तो न झेललेल्या माणसाला मिळालं.

त्यामुळे विकणाऱ्याला मी लोभी म्हणणार नाही. पैसे वाटता येतात, आठवण वाटता येत नाही. कोर्टाचा नाइलाज मला समजतो. चित्रपटाने मात्र या नाइलाजावर हसण्याऐवजी थोडं थांबायला हवं होतं.